मदनसिंगचा रडका डब्बा

चंपत क्लॅरनेट वाजवायचा. वाशीमच्या एका बँडपार्टीत तो सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा माणूस. टुरिंग टॉकीजमध्ये एखादं गाणं एकदा कानावरून गेलं, की दुसऱ्या दिवशी ते वरातीत वाजलंच म्हणून समजा. त्याची बायको प्रयागबाई म्हणायची, या माणसाचे कान घडवण्यातच देवानं सगळा वेळ घालवला, बाकीचं घाईत उरकलं. त्यात खोटं काही नव्हतं. जेवताना शेजारच्या घरातला पाळणा कुरकुरला तर तो घास हातात धरून ऐकत बसे, आणि भाजी आळणी आहे हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागे.

सत्तावन्न साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, अनसिंगच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यात त्याच्या बँडला लग्नाची सुपारी मिळाली. तांड्याचे नाईक उदयसिंग यांच्या मुलाचं लग्न होतं. नाईकांना वाशीमचाच बँड पाहिजे होता, लाल कोट आणि पिवळी झालर असलेला. सकाळची मिरवणूक आटोपली, वाजवणारे लिंबाच्या सावलीत पसरले आणि चंपत पाणी प्यायला चुलाणाकडे गेला. तिथे चार-पाच बायका भाकरी थापत होत्या. हाताला हात चालला होता आणि तोंडानं सगळ्या मिळून काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, नुसता आवाज. वरून खाली घसरत यायचा, मध्येच एका जागी अडखळायचा आणि तिथेच थरथरत राहायचा.

चंपतनं तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला.

ती अडखळायची जागा त्याला सापडेना. कोमल गंधार म्हणावा तर त्याच्या वर, शुद्ध म्हणावा तर खाली. दोन पायऱ्यांच्या मध्ये कुणी पाय ठेवून उभं राहावं, तसं. त्यानं लिंबाखाली येऊन क्लॅरनेट काढलं, हळूच फुंकून पाहिलं. एक बोट उचललं की सूर पुढे जायचा, ठेवलं की मागे यायचा. मधला सूर काही निघाला नाही. ढोलवाला झोपेतून म्हणाला की, हे कुठलं नवीन गाणं आणलंस. चंपतनं पुन्हा बोट ठेवून फुंकलं.

संध्याकाळी निघायच्या आधी त्यानं त्या बायकांना विचारलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. गाणं नाहीच ते, असं म्हणाल्या. मदनसिंगच्या रडक्या डब्ब्याचा आवाज आहे तो. मदनसिंग ज्वारीच्या मळ्यात मचाणावर बसून पाखरं राखायचा, खाली बांधावर बायका गवत कापायच्या, आणि वर डब्बा रडत असायचा. ऐकून ऐकून तोंडात बसला. आता मदनसिंग नाही, काविळीनं गेला त्याला तीन वर्षं होत आली. डब्बा काय होता, तो कुठून शिकला, हे विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. लढाईत आसामकडे गेला होता, तिकडून आणलं काहीतरी. गोऱ्यांचं गाणं असेल.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत सगळे घोरत होते आणि चंपत दातांच्या फटीतून तो सूर काढायचा प्रयत्न करत होता.

पुढच्या आठवड्यात अनसिंगला बाजार होता. प्रयागबाईला त्यानं सांगितलं की मिरच्या आणायला चाललो. बाजार ओलांडून तो सरळ तांड्यावर गेला.

मदनसिंगची बायको धुरपताबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. चाळिशीची असेल. हातात बांगड्या नव्हत्या, पण पाठ ताठ. बँडवाला एकटाच, बिनबँडचा आलेला पाहून तिला नवल वाटलं. त्यानं कारण सांगितलं तेव्हा तिनं हातातलं शेण खाली ठेवलं. मग हात धुऊन आत गेली आणि आढ्याला टांगलेलं एक धूड खाली घेऊन आली.

चंपतनं अशी वस्तू फक्त सिनेमाच्या पोस्टरवर पाहिली होती. गिटार होती ती. पोटाला तडा गेलेला, त्यावर डांबर भरलेलं. तारांपैकी दोनच शिल्लक होत्या, त्याही मूळच्या नव्हत्या. सायकलच्या ब्रेकची तार उलगडून तिचा एकेक धागा मदनसिंगनं ताणून बसवला होता. दांडीला एका सुतळीनं बाटलीचं नरडं बांधलेलं होतं, दगडावर घासून कडा गुळगुळीत केलेलं. धुरपताबाईनं ते स्वतःच्या करंगळीत घालून दाखवलं. असं बोटात घालायचा आणि तारेवरून सरकवायचा, एवढं तिला माहीत होतं.

चंपतनं काच तारेवर ठेवली, दुसऱ्या हातानं तार छेडली आणि काच हळूहळू खाली ओढली. सूर घसरत आला. मधली जागा आली, गेली. त्यानं पुन्हा ओढली आणि यावेळी तिथेच थांबला. तार थरथरली. हाच तो सूर. पायऱ्याच नव्हत्या इथे, सगळा उतारच होता. म्हणून तर त्याच्या क्लॅरनेटच्या भोकांत तो बसत नव्हता.

धुरपताबाईनं मान दुसरीकडे वळवली.

मग हळूहळू ती बोलली. तांड्यात या डब्ब्याचं कुणाला कौतुक नव्हतं. होळीला नगारा आणि थाळी असते, त्यात याचं काय काम, असं नाईक म्हणाले. एकदा एका जत्रेत नाटकाच्या तंबूवाल्यानं पडदा उघडायच्या आधी त्याला बसवलं. त्यानं डोळे मिटून मन लावून सगळं वाजवलं. लोकांना वाटलं, बुवा अजून तारा जुळवून राहिलाय. ते आपसात गप्पा मारत राहिले, आणि त्याचं वाजवून झालं तेव्हा कुणीतरी ओरडलं की आता सुरू कर. मदनसिंग घरी येऊन ते सांगत सांगत हसला होता. त्यानंतर कुठे गेला नाही. मचाण आणि तो.

"पण ते गाणं कोणाचं, बाई?" चंपतनं विचारलं.

"साहेबाचं, असं सांगे तो सगळ्याइले." ती गिटारीवरची धूळ पदरानं पुसत होती. "मले नाई वाटत. आसामात कोणी बाई असंल त्याची. वाजवताना त्याचं तोंड पाह्यलं असतं ना भाऊ, तर तुमालेबी तसंच वाटलं असतं. म्या कधी इचारलं नाई. इचारून काय करू?"

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, जणू गाईच्या आजाराबद्दल बोलत होती.  आसामात मदनसिंगसोबत आणखी कोण होतं, एवढंच चंपतनं विचारलं. दौलतसिंग होता, ती म्हणाली. दोघं एकाच मजूर पलटणीत गेले, एकत्रच परतले. तो आता वाशीमपलीकडच्या मालेगावला एका व्यापाऱ्याच्या गोदामावर राखणदार आहे. पण मदनच्या मौतीनंतर तो इकडे फिरकला नाही.

चंपत मिरच्या न घेताच घरी आला. प्रयागबाईनं रिकामी पिशवी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि त्या दिवशी पिठलं केलं.

मालेगावला जायला त्याला पुढे पंधरवडा लागला, कारण लग्नाच्या तारखा एकामागोमाग एक होत्या. पण वरातीत वाजवतानाही त्याच्या डोक्यात तेच. एका अनोळखी बाईची सावली आसामच्या डोंगरात उभी होती आणि ती कोण, हे त्याला कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. त्याचा या सगळ्याशी काय संबंध, असं प्रयागबाईनं दोनदा विचारलं. संबंध काही नाही, हे त्यालाही पटत होतं. तरी एका रिकाम्या दिवशी तो मोटारीत बसला आणि मालेगावला उतरला.

दौलतसिंग गोदामाच्या दारात खाटेवर बसला होता. उंच, हाडकुळा, एका पायानं लंगडा. मदनसिंगचं नाव काढल्यावर आधी त्यानं संशयानं पाहिलं. कोणी पाठवलं, असं विचारलं. कुणीच नाही, मी तो सूर ऐकला म्हणून आलो, असं चंपत म्हणाला, आणि कोटाच्या आतून क्लॅरनेट काढून त्यानं वाजवून दाखवलं. या पंधरवड्यात त्याला युक्ती सापडली होती. भोकावरचं बोट पुरतं उचलायचं नाही, अर्धं सरकवायचं आणि ओठ सैल सोडायचे. तंतोतंत नाही, पण जवळपास यायचं.

दौलतसिंग ऐकत राहिला. मग उठून खाटेवर त्याला जागा केली.

त्यानं जे सांगितलं ते असं. लढाईच्या काळात सरकारला ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता पाहिजे होता. डोंगर फोडायला वऱ्हाडातून माणसं नेली, त्यांत हे दोघे. तिथे अमेरिकेची पलटण होती, पण त्यांतले पुष्कळसे गोरे नव्हते. काळे होते, आपल्यापेक्षाही काळे. गोऱ्यांची जेवणाची जागा वेगळी, यांची वेगळी. त्यांतला एक डोंगराची माती ढकलणारं मोठं यंत्र चालवायचा. त्याचं नाव नीट जिभेवर यायचं नाही, म्हणून हे त्याला लिस्तर म्हणायचे. पाऊस लागला की दिवसच्या दिवस काम बंद. ताडपत्रीखाली सगळे बसून राहायचे, आणि लिस्तर गिटार काढायचा.

एके दिवशी दुपारी त्यानं असंच बाटलीचं नरडं बोटात घालून वाजवलं. मदनसिंग लांब बसला होता. तो उठून त्याच्या पुढ्यात जाऊन बसला आणि रडायला लागला. लिस्तर घाबरला. भाषा ना याला कळे ना त्याला. लिस्तरनं औषधाच्या पेटीतून कापसाचे पुंजके काढले, गुडघ्यावर ठेवले आणि वाकून बोटांनी एक चिमटून उचलला, मग दुसरा, मग तिसरा, खांद्यावरच्या झोळीत टाकल्यासारखा. मग कडेवर पोर धरल्यासारखा हात केला, गळ्याला बोट लावलं आणि म्हणाला, मामा. दोघांना लगेच कळलं. त्याची आई कापूस वेचायची, आणि वेचताना हे गायची.

"आमीबी कापसातलेच ना," दौलतसिंग म्हणाला. "मदननं एक पुंजका घेतला अन् तसाच येचून दाखवला. मंग तो लिस्तर असा हसला का इचारू नका."

चंपतनं विचारलं, मग मदनसिंग वाजवायचा ते त्या लिस्तरच्या आईचं गाणं का?

दौलतसिंगनं मान हलवली. इथे त्यानं आजूबाजूला पाहिलं. गोदामाकडे कुणी नव्हतं.

बंजाऱ्यांत लग्न लागल्यावर नवरी सासरी निघते तेव्हा ती ढावलो म्हणते, असं त्यानं समजावलं. आईच्या, बहिणीच्या, एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते. बायाच म्हणतात ते, आणि बायाच शिकवतात. पुरुषानं त्याला तोंड लावायचं नसतं. धुरपता धनजकडच्या तांड्यातली, तिकडची आवाज ओढायची तऱ्हा वेगळी. तिला न्यायला गेले तेव्हा मदन नवरदेव म्हणून बैलाशेजारी उभा होता. धुरपता शिकवलेले शब्द सगळे विसरली. नुसतं याडी, याडी, म्हणजे आई, आई, एवढंच म्हणत तिनं आवाज ओढला. तिच्या मावश्या रागावल्या. पण मदनच्या कानात ते बसलं ते निघालंच नाही.

"लिस्तरच्या डब्ब्यातून तसंच रडणं निघालं, म्हणून तर तो रडला. मंग त्यानं त्याले ते तोंडानं म्हणून दाखवलं. लिस्तरनं तारेवर हुडकलं. दोघं बसून बसून त्याच्या मायचं अन् धुरपताचं एकात एक गुतवत गेले. पण मचाणावर जे वाजे ना, ते धुरपताचंच होतं."

"मग तिले सांगितलं काहून नाई त्यानं?"

"गड्यानं नवरीचं रडणं वाजवलं म्हणून कळलं असतं तर तांड्यात तोंड दाखवाले जागा राह्यली असती काय? साहेबाचं हाय म्हणून सांगू, असं आमी दोघाइनं ठरवलं. मले कोणी इचारलंबी नाई आजवर. तुमी पह्यले."

लढाई संपल्यावर सामानाचे ढीगच्या ढीग तिथेच जाळून टाकत होते. लिस्तरला परत जायचा हुकूम आला तेव्हा त्यानं गिटार मदनसिंगच्या हातात ठेवली आणि वळून न पाहता ट्रकमध्ये चढला. पुढे त्याचं काय झालं ते माहीत नाही.

चंपत परत आला तो भलत्याच पेचात. कळायचं ते कळलं होतं, पण आता ते पोटात ठेवायचं की सांगायचं? दौलतसिंगनं सांग म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. परक्या बाईच्या घरात जाऊन तिच्या नवऱ्याची गोष्ट तिला सांगणारा आपण कोण? प्रयागबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ती म्हणाली, "इतके दिवस ते बाई दुसऱ्या बाईले मनात घिऊन बसली हाय. अन् तुमी इथं बसून इचार करून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला.

धुरपताबाईनं उभ्यानंच ऐकलं. लिस्तरपर्यंत ती नुसती हूं हूं करत होती. ढावलोचं नाव निघालं तेव्हा ती जोत्यावर बसली. चंपतचं सांगून झालं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे ती पाहत राहिली. त्याला वाटलं, आपण चुकलो.

मग तिनं गुणगुणून पाहिलं. अगदी हळू, ओठ मिटूनच. वरून खाली, आणि अडखळायच्या जागी थांबली.

"माहंच हाय," ती म्हणाली.

त्यानं विचारलं की, इतकी वर्षं मचाणावरचं ऐकत होतात तुम्ही, ओळखलं कसं नाही?

"मी त्या दिवशी रडत होती, भाऊ. आयकत कुठी होती?"

आणि मग ती हसली, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. हसता हसता डोळे पुसू लागली. शेजारची बाई काय झालं म्हणून डोकावली, तिला तिनं हातानंच जा म्हटलं. आत जाऊन तिनं चहा ठेवला. चहा देताना ती एवढंच बोलली की तांड्यात हे आत्ताच कुणाला सांगू नका, मी सांगेन मला वाटेल तेव्हा. पण तुम्हाला वाजवायचं तर वाजवा. पोरगी सासरी निघताना वाजवा.

त्या वैशाखात चंपतनं ते वाजवलं. वाशीमजवळच एका मळेवाल्याच्या घरी लग्न होतं. वांगी आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांच्या मधून मुलगी गाडीकडे निघाली, तेव्हा त्यानं ढोल-बिगुल थांबवले आणि एकट्यानं क्लॅरनेट धरलं. मुलीच्या आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग तिला स्वतःला सावरता आलं नाही. मागून मुलीच्या मामानं येऊन विचारलं की, कोणत्या सिनेमातलं हे? चंपतनं सांगितलं, अनसिंगच्या तांड्यातल्या मदनसिंगचं आहे. मामानं असा कुणी संगीतवाला ऐकला नव्हता. त्यानं मान डोलावली आणि तो पंगतीकडे गेला. पुढच्या लग्नांतही चंपतला हा प्रश्न आला आणि त्यानं तेच उत्तर दिलं. एक-दोघांनी पुढे विचारलं, मदनसिंग कोण? त्यांना मग त्यानं खाली बसवून सांगितलं, आसामपर्यंतचं. धुरपताबाईचं तेवढं वगळून.

लग्नसराई संपली. पेरणीला अजून अवकाश होता. एक दिवस सकाळीच धुरपताबाई चंपतच्या दारात हजर झाली. डोक्यावर गाठोडं, त्यात दौलतसिंगच्या घरासाठी ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी. मालेगावला नेऊन सोडा, ती म्हणाली, मला मोटारीतलं कळत नाही. प्रयागबाई म्हणाली, मी पण येते. तिला तो लंगडा दौलतसिंग एकदा पाहायचाच होता.

दौलतसिंगनं तिला येताना पाहिलं आणि तो खाटेवरून उठून उभा राहिला, काठी न घेता. तो खाली मान घालून म्हणाला की वहिनी, मी यायला पाहिजे होतं. धुरपताबाईनं ते तिथेच संपवलं. गाठोडं त्याच्या बायकोच्या हाती दिलं, जमिनीवर बसली आणि म्हणाली की पहिल्यापासून सांग.

त्यानं सांगायला घेतलं. पण तो रस्त्याच्या कामापर्यंतही पोचेना, कारण ती त्याला जागोजागी अडवत होती. आगगाडीत किती लोक होते? मदनला उलटी झाली का, त्याला गाडी लागायची. तिकडे भात खायला द्यायचे तर त्याचं पोट भरायचं का? जळवा अंगाला लागल्यावर काय लावायचे? लिस्तरचं लग्न झालेलं होतं का? त्याच्या मायचं गाणं कसं होतं, तुला येतं का थोडं? दौलतसिंगनं आठवून आठवून दोन ओळींचा आवाज काढला. चंपत पुढे सरकून बसला. धुरपताबाईनं हात वर करून दोघांनाही गप्प केलं आणि तो पुन्हा काढायला लावला.

दुपार कलली. दौलतसिंगच्या बायकोनं तिनं आणलेल्या पिठाच्याच भाकरी टाकल्या. प्रयागबाई भिंतीला टेकून ऐकत होती. परतीच्या मोटारीची वेळ झाली, असं चंपतनं एकदा सांगून पाहिलं. धुरपताबाईला ते ऐकूच आलं नाही. ती दौलतसिंगला विचारत होती की लिस्तरच्या मुलखात कापूस कोणत्या महिन्यात फुटतो.